हसण्याची खूण

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर कल्पनाच्या नावाशेजारी एक पिवळं तोंड उगवलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारं, आणि तरंगत वर जाऊन विरून गेलं. बोट लागलं, ती मनातल्या मनात म्हणाली. फार लगेच म्हणाली, कुणी विचारायच्या आत. खरं तर विचारणार कोण होतं? बैठकीत चौतीस माणसं होती, आणि त्यांतली एकोणतीस याच इमारतीत, याच मजल्यावर, आपापल्या टेबलाशी आपापल्या पडद्यापुढे बसलेली. शेजारच्या खोलीतला माणूस बोलला की आधी भिंतीतून ऐकू यायचा आणि सेकंदभराने कानात खुपसलेल्या बोंडातून, तेच वाक्य, जरा खरखरीत होऊन. दोन वर्षं झाली तरी कल्पनाला याची सवय झाली नव्हती. एका सतरंजीवर मावतील इतक्या माणसांनी एकमेकांना असं भिंतीआडून का भेटायचं, हे तिने एकदा विचारलं होतं, तर उपकुलसचिव दादासाहेब म्हणाले होते, "मॅडम, नोंद राहते." नोंद. त्या शब्दावर त्यांचा फार जीव होता.

कल्पना देशमाने, वय बावन्न, लवळ्याच्या टेकडीवरच्या एका खासगी विद्यापीठात प्रशासन विभागाची अधीक्षक. सोमवारची बैठक पुढच्या वर्षीच्या वसतिगृह प्रवेशांची होती, आणि त्या वेळी बोलत होता नौशाद. वसतिगृह विभागातला कंत्राटी साहाय्यक, तेहेतीस वर्षांचा, हळू आणि नेमकं बोलणारा. सोमवारी त्याला घरून काम करायची मुभा होती, कारण सोमवारी त्याचे वडील मोहिद्दीन दुकानाचा माल आणायला पौडला जायचे, आणि मुळशीच्या घरात कमरबीजवळ, म्हणजे त्याच्या आईजवळ, कुणी नसायचं. कमरबींना गेल्या दोन वर्षांत विसरायला झालं होतं. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग चुलीवर काय ठेवलं ते, मग माणसं. नौशादने पडद्यावर खोल्यांचा तक्ता लावला होता, त्यामुळे कडेच्या बाकीच्या चेहऱ्यांकडे त्याचं लक्ष नव्हतं. बाकीच्यांना मात्र तो कोपऱ्यात, छोट्या चौकटीत दिसत होता, आणि त्याच्या मागचं दारही. त्या दारातून त्याची आई आली. अर्धी आंघोळ टाकून आलेली असावी. परकर, पोलकं, खांद्यावर काही नाही, केस मोकळे आणि ठिबकणारे. ती मुलाच्या खांद्यावरून वाकली, इतके चेहरे बघून दचकली, आणि तिचा उजवा हात डाव्या खांद्यावर गेला, नसलेला पदर शोधत. "नौशाद," ती म्हणाली, आणि हे चौतीस जणांनी ऐकलं, "येवढी मान्सं आली, आन् तू मला सांगितलं न्हाईस. च्याला दूद कुटंय?"

मग क्षणभर काहीच नाही. आणि मग ते पिवळं तोंड. मग आणखी पिवळी तोंडं, खालून वर, उकळीचे बुडबुडे यावेत तशी. कुणाचा तरी माइक उघडा होता, त्यातून खरं हसूही सांडलं. नौशादने मागे वळून पाहिलं. त्याची चौकट काळी झाली. आणि मग, हेच कल्पनाच्या डोक्यातून जाईना, त्या काळ्या चौकटीतून त्याचा आवाज आला, होता तसाच हळू आणि नेमका: "तर सी विंगमध्ये एकशे बारा खाटा आहेत, त्यांतल्या अठरा दुरुस्तीला." मागे कुठेतरी एक दार लागल्याचा आवाज झाला आणि बाई काहीतरी विचारत राहिल्याचा. तो पुढच्या ओळीवर गेला. तक्ता पूर्ण केला. "धन्यवाद," म्हणाला. खाली पट्टीत धडाधड उतरलं: नोटेड. नोटेड सर. नोटेड. वेल डन. नोटेड.

दुपारी तिला फोनकडे बघवेना आणि न बघूनही राहवेना. प्रशासन विभागाचे चार ग्रुप होते. एक 'अधिकृत', एक 'फक्त सूचना', एक 'वाढदिवस आणि शुभेच्छा', आणि एक दादासाहेब ज्यात नव्हते तो. 'फक्त सूचना'मध्ये सूचना सोडून सगळं यायचं. दादासाहेब रोज सकाळी सहाला कमळाचं फूल टाकायचे, त्याखाली बेचाळीस जण हात जोडायचे, आणि हात न जोडलेले कोण हे दादासाहेबांना पाठ असायचं. आंघोळीला गेल्यावर मेसेज, स्वयंपाकात मेसेज, रविवारी नवऱ्याबरोबर ताम्हिणीच्या रस्त्याला चहा प्यायला थांबलं तर मेसेज: "मॅडम, अर्जंट." अर्जंट म्हणजे काय, तर फाइलचा क्रमांक. उत्तर पाठवलं की अंगठा. अंगठा आला की काम झालं असं समजायचं की फक्त वाचलं असं, हेही कुणी ठरवलेलं नव्हतं. बार्शीच्या नगरपालिकेत ती कामाला लागली तेव्हा साहेबाने बोलावलं की शिपाई येऊन टेबलाशी उभा राहायचा, त्याच्या चेहऱ्यावरूनच कळायचं साहेब कसा आहे ते. आता चेहरे होते, हवे तेवढे होते, पिवळे. त्यांवरून काही कळत नव्हतं. तिचं स्वतःचं तोंडही असंच कुणाला कळलं नसेल, तिने स्वतःला समजावलं. बारा तोंडांत एक. बोट लागलं.

मंगळवारी सौरभच्या फोनवर तिने ते चित्र पाहिलं. सौरभ तिच्या हाताखालचा, पंचविशीचा, कामाला चटपटीत, बोलायला गोड. तो हजेरीचा तक्ता दाखवायला फोन पुढे करत होता आणि वरून ते घसरत आलं: कमरबी, खांद्यावर हात, तोंड अर्धं उघडं, आणि खाली जाड अक्षरांत 'मीटिंग कधी संपणार?' कुणीतरी बैठकीच्या नोंदीतून ते नेमकं कापून काढलं होतं. नोंद राहिली होती खरी.

"हे काय आहे?" कल्पना म्हणाली.

"स्टिकर आहे, मॅडम. मी नाही केला. मला आला."

"काढून टाक."

"काढतो. पण माझ्याकडून काढून काय होणार? सगळ्यांकडे आहे." त्याने तिच्यासमोर ते काढलं, आणि कुठलाही राग न ठेवता म्हणाला, "तसं बघितलं तर मॅडम, तुम्हालाही हसू आलंच होतं की."

"बोट लागलं माझं," ती म्हणाली. पहिल्यांदाच मोठ्याने. सौरभने मान डोलावली, इतक्या सहज, की तिला त्याचा राग आला. टेबलावरच्या कागदांना उगाच टाचणी मारताना तिला वाटत राहिलं, हा खरं मानून मान डोलावतो आहे, की साहेबलोकांची बोटं अशीच लागतात हे मान्य करून. बाहेर एप्रिलचा डोंगर पिवळा पडला होता, पाण्याचा टँकर चढावर दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत होता, कँटीनपुढे रिक्षांतून मुलं उतरत होती आणि उतरता उतरता फोनमध्ये बोलत होती, समोर कुणी नसताना हातवारे करत.

बुधवारी दादासाहेबांनी तिला व्हिडिओ कॉल केला. त्यांची खोली बावीस पावलांवर होती. ते फोन टेबलावर आडवा ठेवत, त्यामुळे त्यांची हनुवटी, नाकपुड्या आणि वर फिरणारा पंखा एवढंच दिसायचं, आणि कल्पनाला दर वेळी आपण खाली जमिनीवर पडून त्यांच्याशी बोलतो आहोत असं व्हायचं. "मॅडम, शिस्त राहिली नाही," हनुवटी म्हणाली. "एक परिपत्रक काढा. कर्मचाऱ्यांनी मेसेज कसे करावेत, व्हिडिओ कॉलवर कसं बसावं. मुद्देसूद. आणि त्या नौशादला एक मेमो. बैठकीत अशोभनीय दृश्य."

"त्याची आई आजारी आहे, सर."

"ते मान्य आहे. मला काय वाईट वाटत नाही का? पण उद्या कुलगुरू असते तर? त्याचं कंत्राट जूनला संपतंय. कागदावर काहीतरी असलेलं बरं."

"कशासाठी बरं, सर?"

पंखा फिरत राहिला. "मसुदा शुक्रवारी द्या," दादासाहेब म्हणाले आणि गेले. जाताना त्यांचा अंगठा काचेवर एवढा मोठा आला की क्षणभर सगळा पडदा अंगठ्याचाच झाला.

ती मसुदा करायला बसली. अशी परिपत्रकं लिहिण्यात तिचा हातखंडा होता. वाहनतळावर, ओळखपत्रावर, कँटीनच्या ताटांवर तिने लिहिली होती. भाषा आपोआप उतरायची, हात धुतल्यासारखी. कार्यालयीन वेळेनंतर तातडीचे कारण असल्याशिवाय संदेश पाठवू नये. हे लिहून तिला बरं वाटलं. दादासाहेब ते खोडणार हे माहीत असूनही. व्यक्तिगत छायाचित्रे, विनोद व शुभेच्छा अधिकृत गटावर टाकू नयेत. बैठकीत बोलत नसताना ध्वनी बंद ठेवावा. पार्श्वभूमी नीटनेटकी असावी. घरातील व्यक्ती दृश्यात येणार नाही याची दक्षता. इथे तिचा हात थांबला. दक्षता घ्यावी, एवढे दोनच शब्द उरले होते. ते तिला टंकता येईनात. सौरभ म्हणाला, "मॅडम, द्या, मी मशीनकडून करून घेतो, दोन मिनिटांचं काम," आणि ती त्याच्यावर उगाच खेकसली. घरातील व्यक्ती. दक्षता. दक्षता कशी घेतात हे तिला ठाऊक होतं. बाहेरून कडी लावून घेतात.

गुरुवारी नौशाद स्वतःच आला. दारात उभा राहिला, हातात हेल्मेट. मुळशीहून लवळ्यापर्यंत रोज मोटारसायकलने यायचा तो. घाटातली, खडीच्या ट्रकांची धूळ भुवयांवर बसलेली असायची.

"मॅडम, मेमो निघतोय म्हणतात."

"बस," ती म्हणाली. तो बसला नाही.

"जूनमध्ये माझं रिन्यूअल हाय. आहे," त्याने सुधारलं. "मेमो असला की लिस्टमधून पहिलं नाव जातं. मागच्या वर्षी लायब्ररीतल्या बाईंचं गेलं." तो तक्रारीच्या सुरात बोलत नव्हता; खाटांचा हिशेब सांगावा तसं सांगत होता. "चूक माझीच आहे. दाराला बाहेरून कडी लावायला पाहिजे होती. अब्बा रोज म्हणतात, सोमवारी कडी लाव. मला लावता येत नाही. ती आतून वाजवत बसते. मग माझा आवाज मीटिंगमध्ये कसा जाणार? म्हणून उघडं ठेवतो."

कल्पनाने मसुद्याचा कागद पालथा केला. "कशा आहेत आता?"

"आहे. त्या दिवशीपासून विचारते, पाव्हणे उपाशी गेले का." तो पहिल्यांदाच जरा हसला आणि लगेच थांबला. "स्टिकर मला पण आला, मॅडम. कुणीतरी चुकून माझ्याच ग्रुपला टाकला, मग डिलीट केला. मी काय बोललो नाही. बोलून काय होतंय." त्याने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. मग तिच्याकडे न बघता, खिडकीकडे बघत म्हणाला, "बाकीच्यांचं सोडा. तुमचं काय, तुमचं बोट लागलं असेल."

"हो," कल्पना म्हणाली. "बोट लागलं."

"तेच म्हटलं मी घरी," नौशाद म्हणाला. "येतो."

तो गेल्यावर तिने मसुद्याचा कागद पुन्हा सुलटा केला. त्याने तिला वाक्य आयतं दिलं होतं, पाहुण्यापुढे पाट सरकवावा तसं, आणि ती त्यावर बसली होती. फोन थरथरला: कुणाचा तरी वाढदिवस. तिने केकचं चित्र पाठवलं. तिच्या बोटाला बरोबर ठाऊक होतं केक कुठे असतो. चष्मा न लावता, न बघता, चौथ्या ओळीत डावीकडून दुसरा. बैठकीत हसणारं तोंड पहिल्या ओळीत असतं. त्याला लागण्यासाठी आधी ती पट्टी उघडावी लागते. मग निवडावं लागतं. अंगठ्याच्या शेजारी, टाळ्यांच्या अलीकडे. ती इतके दिवस हे का टाळत होती कोण जाणे. तिने आता आपलं बोट त्या सोमवारच्या मिनिटात परत नेलं आणि हळूहळू पुन्हा चालवून पाहिलं. बोट घसरलं नव्हतं. दीड तास चाललेल्या त्या खाटांच्या रटाळ वाचनात, भिंतीतून एकदा आणि कानातून एकदा सगळं दोनदा ऐकून वैतागलेल्या तिला, अचानक एक जिवंत बाई दिसली होती आणि हसू फुटलं होतं. नाही, हेही खरं नव्हतं. हसू फुटलं नव्हतं. तिला धस्स झालं होतं. आणि धस्स झालं की ती हसायची.

चौदा वर्षांपूर्वी, भुगावच्या दोन खोल्यांत, तिच्या सासूबाईंचंही असंच झालं होतं. त्या दुपारभर ट्रंक भरायच्या आणि बार्शीची गाडी लागली का विचारायच्या. पाहुणे आले की कल्पना त्यांना आतल्या खोलीत बसवायची, हातात लसणाची टोपली द्यायची आणि बाहेरून कडी लावायची. वाईट वागवलं नाही तिने कधी. वेळेवर जेवण, वेळेवर गोळी, केसांना तेल. कडी फक्त तासा-दीड तासाची असायची. मुलगी, क्षितिजा, दहावीला चांगल्या गुणांनी सुटली, त्या दिवशी नवऱ्याच्या, दयानंदच्या, ऑफिसातले लोक पेढे खायला आले आणि गडबडीत कडी राहिली. सासूबाई बाहेर आल्या, काखेत बोचकं, पायात दोन वेगवेगळ्या चपला. "गाडी लागली का?" त्यांनी दयानंदच्या साहेबांना विचारलं. सगळे गप्प झाले. साहेबांच्या हातात अर्धा पेढा तसाच. त्या गप्प होण्यात कल्पनाला तसंच धस्स झालं, आणि ती हसली, खणखणीत, सगळ्यांच्या आधी. "आमच्याकडे रोज गाडी लागते," ती म्हणाली. मग सगळे हसले. मोकळे झाले. साहेबांनी पेढा खाल्ला. सासूबाईंनी सगळ्यांची तोंडं पाहिली आणि त्याही हसल्या, सगळे हसतात म्हणजे काहीतरी चांगलं झालं असेल अशा विश्वासाने. दयानंद पाणी आणायला आत गेला, तो पाहुणे जाईपर्यंत आला नाही. यावर नवरा-बायको पुढे कधी बोलले नाहीत. कल्पनाला इतकी वर्षं वाटत होतं, आपण त्या दिवशी वेळ सावरून नेली. सगळ्यांना अवघडल्यातून सोडवलं. आता लवळ्यातल्या त्या टेबलाशी बसून तिला पहिल्यांदा दिसलं, की तोवर कुणीच हसलेलं नव्हतं. लोक अवघडले होते, एवढंच. कदाचित साहेब उठून म्हणाले असते, बसा आजी, येईल गाडी. म्हणाले असते की नाही, ते तिने कळू दिलं नाही.

आणि सोमवारी? तिने बैठकीची नोंद उघडली. ती कुणालाही उघडता येत होती, हीच तर गंमत होती. अकरा-दहाच्या बाराव्या सेकंदाला कमरबी दारात आल्या. सव्विसाव्याला त्यांनी दुधाचं विचारलं. मग शांतता, चार सेकंद, चौतीस चौकटी जागच्या जागी थिजलेल्या. मग तिचं तोंड, पहिलं. तिच्या आधी कुणाचंच नव्हतं. नंतर अकरा, त्यांतलं एक दादासाहेबांचं. तिने लॅपटॉप मिटला. पुढचं बघायचं धाडस तिला झालं नाही.

शुक्रवारी सकाळी तिने मेमोच्या फाइलवर टिपणी लिहिली. हाताने, निळ्या पेनाने, कारण तिला ती कापून चिकटवता येणारी नको होती. सोमवारच्या बैठकीत शिष्टाचाराचा भंग झाला, तो श्री. नौशाद यांच्याकडून नव्हे. एका आजारी स्त्रीला पाहून हसण्याची खूण सर्वप्रथम अधोस्वाक्षरीकर्तीने, हेतुतः दिली. त्यानंतर अकरा जणांनी दिली. नावे सोबत जोडली आहेत. मेमो द्यायचा झाल्यास बारा द्यावे लागतील, पैकी पहिला माझा. खाली सही, तारीख. पान क्रमांक टाकला, जावक नोंदवहीत चढवलं, आणि सौरभच्या हाती न देता स्वतः बावीस पावलं चालत जाऊन दादासाहेबांच्या टेबलावर ठेवलं. परत येऊन बसते तोच त्यांचा व्हिडिओ कॉल. पंखा, हनुवटी.

"मॅडम, फाइलवर असं लिहीत नसतात."

"खरं आहे ते, सर."

"खरं-खोटं वेगळं. सोबत नावं कशाला जोडलीत?"

"नोंद राहावी म्हणून."

हनुवटी जरा वर गेली, खाली आली. "ते पान काढून घ्या."

"जावकला चढलंय, सर. क्रमांक पडलाय."

त्यांनी मोठा श्वास घेतला. तो तिला आधी भिंतीतून ऐकू आला, मग फोनमधून. "मेमो राहू द्या," ते शेवटी म्हणाले. "परिपत्रक तेवढं पाठवा. आणि जूनपासून रेकॉर्ड रूमला कुणीतरी अनुभवी माणूस द्यायचा आहे. खाली तळमजल्यावर. तुमचं नाव सुचवतो आहे. तिथे रेंज नाही, तुम्हाला शांतता मिळेल." त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता, आणि त्या क्षणी तिला तो माणूसही कळला, सकाळी सहाला उठून कमळ पाठवणारा आणि जोडलेले हात मोजणारा. कळला तरी आवडला नाही. परिपत्रकातलं ते वाक्य तिने बदललं होतं. घरातील व्यक्ती दृश्यात आल्यास बैठक घेणाऱ्याने बैठक थांबवावी. ते त्यांनी वाचलंच नाही. दुपारी तीनला परिपत्रक चारही ग्रुपवर गेलं आणि अंगठे यायला सुरुवात झाली.

पाचला तिने नौशादला फोन लावला. त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. साधा फोन लागेना. धरणाच्या अंगाला रेंजचं तसंच असतं. तो म्हणायचा, नेटवरून करा, दुकानात वायफाय आहे. म्हणून तिने व्हिडिओ कॉल केला, नाइलाजाने, केस सारखे करून. वाजत राहिला. मग उचलला गेला आणि पडद्यावर छपराचे पत्रे आले, मग एक कान, मग फार जवळून एक डोळा.

"कोन हाय?" कमरबी म्हणाल्या.

"मी कल्पना. नौशादच्या ऑफिसातून."

"या की मग. भाईर का हुब्या?" चित्र हललं, एक कपाट, एक कॅलेंडर, भिंतीवरची खुंटी गेली. कमरबी तिला घरातून आत घेऊन चालल्या होत्या. तिला कशाला तरी टेकवलं. आता त्यांचा सगळा चेहरा दिसत होता. गोरा, सुरकुतलेला, कुंपणाआडून बघणाऱ्यासारखा सावध. "बसा. पानी देऊ?"

कल्पना काही म्हणायच्या आत नौशाद आला. त्याने फोन उचलला. मागे आता घरापुढचं दुकान होतं, वेफर्सच्या पाकिटांच्या माळा, थंड बाटल्यांचं कपाट. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याच्या गाड्या रिसॉर्टांकडे निघतात, गिऱ्हाइकं दाटली होती.

"बोला मॅडम."

"मेमो निघणार नाही," ती म्हणाली. "रिन्यूअलच्या यादीत तुझं नाव आहे. मी स्वतः पाहिलं."

त्याने डोळे मिटून उघडले. "बरं झालं," तो म्हणाला. "थँक यू, मॅडम."

"थांब. अजून एक आहे. त्या दिवशी माझं बोट लागलं नव्हतं. मी मुद्दाम दाबलं होतं."

तिला वाटलं होतं, एवढं बोललं की छातीवरचं काहीतरी उतरेल. नौशाद गिऱ्हाइकाला सुटे पैसे देत होता. मग तो पडद्याकडे वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. आठवडाभर एकच गोष्ट वाहून कंटाळलेल्या माणसाचा वैताग होता, नुसता.

"ठाऊक होतं मला," तो म्हणाला. "नोंद बघितली मी. बोट लागलं की एकदा लागतं, मॅडम. तुमचं दोनदा आलं होतं."

दुसरं तिला आठवत नव्हतं. खरोखरच आठवत नव्हतं.

"पहिलं आलं, मग सगळ्यांची आली, मग तुमचं परत आलं," तो म्हणाला, त्याच नेमक्या आवाजात. "रिन्यूअलच्या यादीवर मला सही पाहिजे होती तुमची, म्हणून मीच म्हटलं, बोट लागलं असेल. आता हे परत कशाला काढलं? लोक इसरत चालले होते. मी पण इसरलो असतो." दुकानातून कुणीतरी हाक मारली. "आलो. मॅडम, हिला फोन बंद झालेला चालत न्हाई, पाव्हणं असं कसं गेलं म्हणून दिवसभर बसंल. जरा बोलत बसा तिच्याशी. मला गिऱ्हाईक हाय." आणि त्याने फोन आत नेऊन पुन्हा त्या कशाला तरी टेकवला आणि गेला.

कमरबी समोर येऊन बसल्या. गुडघे दुमडून, नीट, गप्पांना बसतात तशा. कल्पनाच्या खिडकीखाली कर्मचाऱ्यांची पाच पंधराची बस लागत होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता. पडद्याच्या वरच्या कडेने अंगठे घसरत येत होते, नोटेड मॅडम, नोटेड, परिपत्रक मिळाले, नोटेड. ते कमरबींच्या कपाळावरून जात होते. सौरभ दारातून डोकावला, "मॅडम, बस," म्हणाला, मग कोण बोलतंय ते दिसलं आणि हळूच मागे सरला. कल्पनाने त्याला हाताने जा म्हणून खुणावलं. तिच्या चेहऱ्यावर ते होतं, जे अशा वेळी असतं, कॅमेऱ्यापुढे बसलं की आपोआप येतं, चौतीस चौकटींत चौतीस जण घालतात ते. ओठांचे कोपरे थोडे वर, दात थोडे दिसतील न दिसतील असे. ते तिथे आहे हे तिला माहीतही नव्हतं.

कमरबी पुढे वाकल्या. बराच वेळ त्यांनी तिचं तोंड न्याहाळलं.

"हसाय काय झालं, बाय?" त्यांनी विचारलं. रागावून नाही. नुसतं विचारलं, माहीत नव्हतं म्हणून.

कल्पनाने ओठ मिटले. गाल उतरायला वेळ लागला. फार दिवस एकाच जागी टांगलेलं काही खाली काढावं तसं. "काही नाही," ती म्हणाली. "काही झालं नाही."

"मग आसं व्हय," कमरबी म्हणाल्या, आणि त्यांना बरं वाटलेलं दिसलं. त्या मागे टेकून बसल्या. खाली बस सुटल्याचा आवाज झाला, चढावरून उतारावर गेला, पिरंगुटच्या बाजूला विरला. दोघी एकमेकींकडे बघत बसल्या.